दुसरं उत्तर लपवू नका

हरेशचा संशयी स्वभाव सारसोळ्यात सगळ्यांना माहीत होता. त्याच्या इमारतीतले भाडेकरू घरी पाहुणा यायचा असला तरी त्याला आधी सांगून ठेवत. बायकोवर मात्र त्यानं कधी संशय घेतला नव्हता. पण गणपती झाल्यापासून उन्नती दुपारची पडेनाशी झाली. गच्चीवर फोन घेऊन बसायची आणि हा वर आला की फोन पालथा.

एकदा ती वाळवण काढत असताना त्यानं फोन उचलला. कुणा कुलदीपचा मेसेज होता. 'उन्नतीताई, (x+3)^2 = 25 म्हणजे x+3 = 5 किंवा -5. दुसरं उत्तर लपवू नका.' त्याच्या वर तसलेच कितीतरी मेसेज. आकडे, कंस, टोपीसारखी खूण. फोटो एकही नाही.

हे गणित आहे एवढं त्याला कळलं, पण पटेना. त्यांची मुलगी भाविका शाळेत असताना वहीचा फोटो काढून बाईंना पाठवायची. चाळिशीची बाई एकेक खूण टाइप करत कशाला बसेल? आणि लपवू नका म्हणजे काय?

जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं केलं. "कुलदीप कोन हाय?"

"भाविकाच्या ऑफिसातला," उन्नती म्हणाली आणि ताटात आमटी वाढू लागली.

भाविकाला फोन केला तर तिच्या ऑफिसात त्या नावाचं कुणीच नव्हतं. हरेशला जेवण गोड लागेना. गणिताच्या आडून दुसरंच काही चाललंय, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्यानं तो नंबर उतरवून घेतला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवरून लावला. "कुरियर हाय. पत्ता सांगा." समोरच्यानं खारघरचा पत्ता लगेच दिला.

तिथं दार पन्नाशीच्या माणसानं उघडलं. तो हरेशकडे न बघता त्याच्या खांद्यापलीकडे बघत होता. "पार्सल टेबलावर ठेवा. सही कुठं करायची तिथं माझं बोट टेकवा. मला दिसत नाही."

हरेशकडे ठेवायला पार्सलच नव्हतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन भराभर बोलू लागला. उन्नती. एक भागिले दोन एक्स.

"एक मिनिट हं," कुलदीप म्हणाले. "विद्यार्थिनी आहे. पुन्हा कंस विसरल्या. आता हे एकाला दोन एक्सनं भागायचं, की अर्ध्याला एक्सनं गुणायचं? मला कसं कळणार?"

"फोटो का नाय पाठवत?" हरेशच्या तोंडून निघून गेलं.

"हातानं लिहिलेलं गणित माझ्या फोनला नीट वाचता येत नाही. टाइप केलं तरच ऐकू येतं."

हरेश चुकीचा पत्ता म्हणून पुटपुटला आणि जिना उतरला. वाटेत त्याला हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. मास्तर खरा निघाला. मग बायको खोटं का बोलली?

उन्नती दारातच उभी होती. "सरांचा फोन आलेला. म्हनाले, रिकाम्या हाताचा कुरियरवाला आला आनि फोटोचं विचारून गेला. तुमीच ना?"

"तू मला खोटं सांगितलंस."

"बाहेरून बारावीला बसतेय. मागं शिवनकाम शिकायला गेले, तेव्हा तुमी हळदीच्या मांडवात सगळ्यांसमोर माझी नक्कल केलीत. आता आंधळ्या मानसाच्या घरी चोरासारखे गेलात. मी कुनाला काय तोंड दाखवू?"

रविवारी हरेश पुन्हा खारघरला गेला आणि आपण कोण ते सांगून कुलदीपसरांची माफी मागितली. सरांनी चहा दिला, पण उन्नतीच्या अभ्यासाबद्दल विचारल्यावर म्हणाले, "ते त्यांनाच विचारा."

परीक्षेला त्यानंच तिला स्कूटरवर सोडलं. ती पास झाली. निकाल तिनं आधी सरांना टाइप करून कळवला, मग भाविकाला. हरेशला तो एका भाडेकरूकडून कळला. भाडेकरूनं जिन्यातच हरेशच्या हातावर पेढा ठेवून अभिनंदन केलं.