दुरून आलेलं रक्त

महागावच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून मी नवा होतो. दूर साताऱ्याहून इकडे विदर्भात बदलून आलो त्याला महिनाही झाला नव्हता आणि अंगात रोज बारीक ताप असायचा.

बंजारा तांड्यावरचा तो म्हातारा मला एकदाच भेटला. लांबच्या बाजारातून घेतलेला बैल लस टोचायला आणून त्यानं आवारातल्या इतर गुरांपासून दूर, एकट्या कडुनिंबाखाली बांधला. मग त्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बराच वेळ पाहिला.

"आजारी आहे का?" मी माझ्या सातारी हेलात विचारलं.

"नाही. दुरून आला. आठ दिवस अलग ठेवा लागते. आमच्या बापजाद्यायनं बैलायवर मीठ वाह्यलं, त्यायची रीत हाय."

मला हसू आलं. हातातला शिळा पेपर मी त्याला वाचून दाखवला. रशियानं अंतराळात सोडलेल्या कुत्र्या जिवंत परतल्या होत्या आणि डॉक्टर आता त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासत होते. याच पेशी रोगाशी झुंजतात, हेही मी ऐटीत सांगितलं. वाटलं, म्हातारा थक्क होईल.

तो कळवळला. "लय दूर गेलत्या बिचाऱ्या. वाटेनं रगत थकते, बाबू. त्यायले अलग बांधलं ना? पानी तरी कोमट देल्लं का?"

पेपरात ते काही नव्हतं.

त्यानं अंगठा धोतराला पुसला, माझी खालची पापणी ओढली आणि आत पाहत राहिला.

"आल्यापासून तुले कोनी पाह्यलंच नाही वाटते."