जावेनं भरलेली बाटली

त्या दुष्काळात आमची हीर आटली, अन् नाला मातर वाहायचा. औरंगाबाद वाढत चाललं व्हतं, तिथलं सांडपाणी आमच्या शिवारात यायचं. त्याच्यावर इंजन लावून मी मेथी केली. मालक जाऊन दोन वर्षं झाली व्हती. मेथी निघाली तर चूल पेटायची.

एक दिस शेतकी हापिसातला माणूस आला. हातात रिकामी बाटली दिली. म्हणला, "मावशी, पिकाला देता ते पाणी यात भरून ठिवा. उद्या नेतो. तपासून मिळंल, फुकटात."

फुकटात म्हणला, तिथंच मला शंका आली. पाणी खराब निघालं तर इंजन उचलून नेतेल, मग खायचं काय? मी बाटलीत टँकरचं पाणी भरलं.

पंधरा दिसानं त्यानं कागद वाचून दाखवला. पाणी पिकाला बेस हाये म्हणं. मी कागद घडी घालून डब्यात ठिवला.

ते ऐकून माझी धाकली जाऊ नाल्यावर पाइप घेऊन आली. तिची चार सालाची मोसंबी सुकत व्हती. माझ्या वाफ्यात पाणी वाळलं की पांढरा खार फुटायचा, ते मला रोज दिसत व्हतं. मेथी महिन्यात निघती. झाड वर्षानुवर्षं त्याच खारात उभं, त्यानं कुठं जावं?

बांधावर जाऊन तिला म्हणलं, हे पाणी खारं हाये, मोसंबीला देऊ नगं. ती कमरेवर हात ठिवून म्हणली, "व्हय का बाई! तुझ्या मेथीला चालतंय अन् माझ्या मोसंबीला नाय? एकटीला नाला पायजे म्हण की सरळ!"

"आगं, बाटलीत टँकरचं पाणी व्हतं."

"टँकरचं प्यायला पुरंना, अन् हिनं बाटलीत घातलं म्हणं!"

"मग आता बाटली तूच भर."

तिनं भरली. दोघी यष्टीनं हापिसात गेलो. बाटली तिनं मांडीवर धरली, मला हात लावू दिला नाय. घरी आल्यावर माझ्या इंजनाचं हँडल बी काढून नेलं. "कागद येईस्तवर तुझं बी बंद," म्हणली. मी नेऊ दिलं.

कागदात खार लई निघाला. तवर मेथी उभी वाळली व्हती.

मग मोसंबीला दोघी मिळून प्यायच्या पाण्यातला तांब्या तांब्या घालायचो. मी माझा तांब्या पुरता भरलाय का, ते ती वाकून बघायची.