भिश्त्याचा रांजण

कामरगावच्या तय्यब भिश्त्याला अक्षरओळख नव्हती. पण गावातल्या कुठल्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात कसं असतं, हे त्यानं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. पाठीवर बोकडाच्या कातड्याची मशक आणि पाणी घालायला मोहल्ल्यातली बावीस घरं, असं त्याचं चाळीस वर्षांचं आयुष्य. चाळीस वर्षं विहिरीत वाकून पाहणाऱ्याला काय काय दिसत असेल, याचा विचार आपण कधी करतो का? तय्यबनं कुणाला न विचारता हेरलं होतं की डासांच्या अळ्या दोन जातींच्या असतात. एक जात पाण्यात डोकं खाली करून लटकते, दुसरी पाण्यावर आडवी पडते. आडवी दिसली, की पंधरा-वीस दिवसांत गावात हिवताप. हे त्यानं दोघा-चौघांना सांगून पाहिलं. लोक हसले आणि आपापल्या कामाला लागले.

मागच्या वर्षी याच तापानं त्याचा मुलगा जमशेद गेला. मागं सहा वर्षांची नात हलिमा राहिली, आणि आता तिलाही दिवसाआड थंडी भरून यायची. बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून दगडासारखी लागायची. जमशेदचीही अशीच वाढली होती.

एकोणीसशे एकोणतीसची दिवाळी सरली आणि देवी टोचणारा जगदेव बातमी घेऊन आला.

"तय्यबचाचा, दूर जिनिव्हा नावाच्या शहरात पन्नासक देशांची एक सभा हाय. देशादेशात भांडनं होऊ नाई म्हनून. पन तापाले कायची हद्द आन् कायची वेस? म्हनून त्या सभेनं तापाचे जानकार सल्लागार नेमले. ते सांगतीन, तेच सभा सगळ्या सरकारांले सांगते. ते आपल्या गावात येऊन राह्यले."

"इथं? कायले?"

"पाहाले. जिथं ताप सापडन, तिथं कोयनेल द्या असं लिहितीन."

कोयनेल, तापावरचं ते कडू क्विनीन, म्हणजे हलिमाचा जीव. तय्यबनं त्या रात्री अमीनाबीला, आपल्या बायकोला, तीन वेळा सांगितलं की पन्नास देशांचे शहाणे आपल्या दारावरून जाणार आहेत.

पण साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते ठाऊकच आहे. गाव झाडून काढायचं, चुना टाकायचा, आजारी माणूस दिसू द्यायचा नाही. पाटलानं हुकूम सोडला आणि तय्यबचीही अक्कल चरायला गेली. आठ दिवस तो विहिरीच उपसत होता. शेवाळ खरवडलं, कपारी घासल्या, अळी म्हणून ठेवली नाही. तापाची पोरं घराघरांत पांघरुणाखाली गेली. हलिमाही.

तिघे साहेब आले. तिघांचे मुलूख तीन. त्यांतला पांढऱ्या मिशांचा उंच साहेब विहिरीच्या काठावर चक्क पोटावर आडवा झाला आणि लांब दांड्याच्या पळीनं पाणी काढून पाहू लागला. तय्यबनं तोंडात बोट घातलं. ज्याच्या शब्दावर पन्नास देश चालतात, तो माणूस चिखलात झोपतो? याच्या पायाखालची धूळ कपाळाला लावावी, असं त्याला खरोखर वाटलं.

पळीत काही आलं नाही. दुसऱ्या विहिरीतही नाही. शाळेपुढं तेल लावून उभ्या केलेल्या धडधाकट पोरांची पोटं दाबून पाहिली, तिथंही काही नाही. एकानं वही मिटली.

"काय म्हनते?" तय्यबनं विचारलं.

"म्हनते, या गावात ताप नाई," जगदेव खाली पाहत म्हणाला.

हे तय्यबच्याच हातांनी झालं होतं. साऱ्या गावात एकच पाणी त्यानं साफ केलं नव्हतं, आणि ते त्याच्याच अंगणातल्या रांजणात होतं. गावच्या विहिरी घासताना घरच्या रांजणाला आठ दिवस हात लागला नव्हता. कालच त्यात आडव्या अळ्या दिसल्या होत्या. पण भिश्त्याच्याच रांजणात अळ्या म्हटल्यावर त्याचं पाणी कोण पिणार? बावीस घरांची माणसं समोरच उभी होती.

"साहेबाले सांग, माह्या घरी चाल म्हना," तो म्हणाला. "माह्या रांजनात हायेत. आडव्या पडनाऱ्या."

जगदेवनं इंग्रजीत सांगितलं. म्हातारा साहेब जाता जाता थबकला. आडव्या म्हणजे कशा, त्यानं विचारलं. तय्यबनं कडब्याची काडी उचलली आणि तळहातावर सपाट ठेवली. मग तीच तिरपी धरून दुसरी जात दाखवली. साहेब त्या काडीकडे पाहतच राहिला. वही पुन्हा उघडली.

अंगणात साहेबानं टोपी काढली, गुडघे टेकले आणि बराच वेळ रांजणात पाहिलं. मग प्रश्न सुरू झाले. कोणती विहीर, कोणता महिना, अळी दिसल्यावर किती दिवसांनी ताप? तय्यब बोलत होता आणि ते तिघे लिहीत होते.

हलिमाला बाहेर आणलं. साहेबानं आधी आपले हात चोळून गरम केले, मग तिच्या बरगडीखाली बोटं ठेवली. पानथरी जिथवर आली होती तिथं निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढली. चार बोटं.

"चाचा, साहेब म्हनते, सल्लागार आमाले म्हनतात, पन आज सल्ला तुमी देला."

तय्यबनं सलाम केला.

दुसऱ्या दिवशी बावीसपैकी चौदा दारं बंद. "पैले आपला रांजन धू," रज्जाक दुकानदार म्हणाला. तय्यब पुढच्या दाराकडे वळला.

माघात कोयनेल आलं. जगदेव ते वाटायला बसला तेव्हा पांघरुणाखालची सगळी पोरं बाहेर आली. रज्जाकचीही दोन होती.

रेघ कधीच धुऊन गेली होती, पण तिची जागा तय्यबला पाठ होती. दर जुम्म्याला तो हात चोळून गरम करायचा आणि बोटं मोजायचा. तीन. होळीला दोन. आंब्याच्या दिवसांत एका सकाळी त्यानं बरगडीखाली दाबलं, तर बोटांना काही लागेना. त्यानं पुन्हा दाबलं.

"दादा, गुदगुल्या होऊन राह्यल्या," हलिमा हसत म्हणाली.

बाहेर उरलेली आठ घरं पाण्यासाठी खोळंबली होती. तय्यबच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तो तिसऱ्यांदा हात चोळून गरम करत होता.