भिडूची दुसरी बोली

सासूबाई गेल्या आणि चिखल्याच्या वाडीतलं रविवारचं पत्त्यांचं ब्रिज बंद पडलं. एका बाजूला चिकूच्या वाडीचे मालक असलेले गुजराती काका आणि काकू, विरुद्ध आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, आणि सासूबाई. असा चौघांचा डाव कित्येक वर्षं चालला होता. भिडूच उरला नाही म्हटल्यावर बाबांनी पत्ते कपाटात टाकले. एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "कापणी आली की मी तलासरीला धाकट्या भावाकडे राहायला जाईन म्हणतो. शेतावर वेळ जाईल. तुमच्या मागे माझी कटकट कशाला?"

माझा नवरा रात्रपाळी करून आलेला, कपावरच पेंगत होता. तो वापीच्या कारखान्यातून येतो तो अर्धा झोपेतच. मी म्हणाले, "तुमची इच्छा, बाबा."

खरं तर मला ते अजिबात नको होतं. या घरात माझ्याशी गप्पा मारणारं तेवढं एकच माणूस होतं. पण सुनेनं आग्रह धरला तर पोरं सांभाळायला ठेवून घेतलं असं वाटायचं, म्हणून जीभ आवरली. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारी मी, पण बाबांपुढे तोंडाला कुलूप!

मग मी दुसरीच वाट धरली. "मला ब्रिज शिकवा," म्हटलं. भिडू मिळाला तर कदाचित त्यांचा पाय निघणार नाही.

बाबांनी ओट्यावरच पत्ते मांडले. पहिली बोली मला लगेच जमली. पानं चांगली आणि बदाम पाच, तर एक बदाम. भिडू उत्तर देतो, एक इस्पिक. आता पुन्हा आपली पाळी, आणि खरी गंमत इथेच. "पहिल्यांदा आपली पानं बघून बोलायचं," बाबा म्हणाले, "दुसऱ्यांदा भिडूचं ऐकून." आपल्याकडेही चार इस्पिक असतील तर त्याचाच रंग उचलून धरायचा. पण किती? पानं जेमतेम असतील तर दोन, बरी असतील तर तीन, भरगच्च असतील तर थेट चार. जो आकडा बोलू त्यात सहा मिळवायचे, तेवढे हात करून दाखवायचे.

चिखल्याला पहिल्याच रविवारी मला भरगच्च पानं आली. बदामचे एक्का, राजा, राणी, वर चौकटचा एक्का, आणि इस्पिकही चार, त्यात राजा-राणी. मी म्हणाले, एक बदाम. समोरून बाबा म्हणाले, एक इस्पिक. मला चार म्हणायचं होतं, शप्पथ. तोंडातून आलं, "दोन."

बाबांनी पास दिला, म्हणजे माझ्या दोनवरच थांबले, आणि नियमाप्रमाणे मी माझी पानं टेबलावर उघडी मांडली. खेळ झाला तेव्हा आठ हातांच्या बोलीवर आमचे अकरा हात झाले होते. बाबांनी माझी पानं पुन्हा एकेक करून बघितली.

"अगं, एवढं असून दोन?"

"तुम्ही एक म्हणालात बाबा. त्यावर मी एकदम चार कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

काकू हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी राहिल्या. "अरे बेटा, इथे वहू-ससरा काय नाय, इथे भिडू ने!"

बाबा मात्र हसले नाहीत. "बोली लावताना तुझ्या हातात काय आहे ते मला दिसत नाही. तू बोलशील तेवढंच कळणार. तू दोन म्हणालीस, मला वाटलं जेमतेमच आहे. म्हणून मी थांबलो."

तो चहा आणि ते "तुमची इच्छा" मला तिथेच आठवलं. पुढचे डाव मी कसे खेळले देवाला ठाऊक.

आशागडला घरी आलो. स्कूटर लावली आणि बाबा पायरी चढायच्या आत बोलून टाकलं. "बाबा, तुम्ही तलासरीला जाऊ नका. पोरांसाठी नाही म्हणत. मला करमणार नाही तुमच्याशिवाय."

ते हेल्मेटचा पट्टा सोडत होते, तो सोडायचा राहिला.

"हे चार ना?" त्यांनी विचारलं. "नीट सांग, मागच्यासारखं नको."

"चार. चारच."

"मग पास," ते म्हणाले, आणि हेल्मेट डोक्यावर ठेवूनच आत गेले. मी बाहेरच डोळे पुसत उभी राहिले. आतून त्यांचा फोनवरचा आवाज येत होता. ते धाकट्या भावाला सांगत होते, कापणीला येतो, पण कपडे थोडेच आणतो, रविवारच्या आत मला परत यायचंय.