न उचललेली चटई

फुआतिनो चर्चमध्ये अगदी पुढच्या बाकावर बसायची आणि मागच्या बाकावर कोण पेंगतंय हे मान न वळवता सांगायची. आमच्या गावच्या महिला समितीची ती बावीस वर्षं अध्यक्षीण. समितीच्या बायका महिन्यातून एकदा घरोघर तपासणीला फिरतात. अंगण झाडलंय का, संडास धुतलाय का, पांघरुणं उन्हात घातलीत का, सगळं पाहतात. फुआतिनो येतेय म्हटल्यावर लोक बांधलेलं डुक्करसुद्धा धुऊन काढायचे. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. त्याला तिची जीभ जेवढी कारण होती, तेवढंच दुसरंही कारण होतं. तिचा एकुलता एक मुलगा गेला होता, आणि अशा बाईला उलट बोलायचं तरी कसं?

लाफाई गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. गावातल्याच लेउतूचा मुलगा सेमिसी बिअर पिऊन गाडी चालवत होता आणि लाफाई मागच्या हौद्यात बसला होता. पुलाजवळ गाडी उलटली. सेमिसीला खरचटलं, लाफाई जागीच गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे लेउतू आणि तिचा भाऊ फुआतिनोच्या अंगणात येऊन गुडघ्यांवर बसली आणि त्यांनी आपल्या डोक्यांवरून एक चटई पांघरली. आमच्या बेटावर याला इफोगा म्हणतात. अपराध्याच्या घरच्यांनी चटईखाली बसून राहायचं. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यापैकी कुणी येऊन चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर दिवसभर बसायचं, उन्हात बसायचं, दगड पडले तरी बसायचं.

त्या दिवशी फुआतिनो आत लाफाईला आंघोळ घालत होती. तिनं मनाशी ठरवलं होतं की या बाईला दुपारपर्यंत तापू द्यायची, मग संध्याकाळपर्यंत, मग पाहू. पण तिचा थोरला भाऊ घरचा प्रमुख, देवभीरू माणूस. त्यानं अर्धा तासही जाऊ दिला नाही. बाहेर गेला, चटई उचलली, लेउतूला हाताला धरून उठवलं आणि सगळ्यांबरोबर रडला. फुआतिनो ओला टॉवेल हातात घेऊन बाहेर आली तेव्हा अंगणात प्रार्थना चालली होती. तिच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं झालं. भावाला ती त्या दिवसापासून पाण्यात पाहू लागली आणि लेउतूवर तर तिनं असा डूख धरला की नागिणीनंही शिकावं.

चटई मात्र तिनं मागून घेतली. ती केवड्याच्या पानांची होती, सुतासारख्या बारीक पट्ट्यांची, कडेला लाल पिसं. अशी एक चटई विणायला वर्षं जातात. ती कुणी घरात ठेवत नाही. लग्नात द्यायची, मयतीत द्यायची, आज या घरी तर उद्या त्या घरी. चटई फिरती राहिली तरच तिचा मान, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. फुआतिनोनं ती पेटीत घातली आणि एकोणीस वर्षं कुलूप लावलं. सकाळी उठली की आधी पेटी उघडायची, चटईवरून हात फिरवायची, मग प्रार्थना. रविवारी उपासनेहून आली की चटई उलगडून बसायची. तळहातावरच्या फोडासारखी जपली तिनं ती. तीन वर्षांपूर्वी भाऊ वारला तेव्हा त्याच्या मयतीत मोठी चटई द्यायची वेळ आली, तर तिनं सरळ सांगितलं, वाळवीनं खाल्ली. भावाच्या घराला पाहुण्यांसमोर हलक्या चटया मांडाव्या लागल्या. त्या त्याच्या बायकोनं, ताइमानेनं, मांडल्या. तिला पेटीची किल्ली नणंदेच्या गळ्यात दिसत होती.

फुआतिनोचा बेत साधा होता. लेउतू मरेल तेव्हा सगळं गाव, चार गावचे पाहुणे जमतील. एकेक घर आपली चटई घेऊन येईल, आणि देणाऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारलं जाईल. तेव्हा तिनं ही चटई लेउतूच्या शवपेटीसमोर टाकायची आणि म्हणायचं, "तुमची माफी तुम्हाला परत." असं आमच्या बेटावर कुणी कधी केलेलं नाही. त्या घराला मग तोंड दाखवायला जागा उरली नसती. हे वाक्य फुआतिनो कपडे धुताना, नीरफणस भाजताना, प्रभूभोजनाच्या रांगेतसुद्धा मनात घोळवायची. खरं सांगायचं तर तिला ते गोड लागायचं.

आणि लेउतू मरायला टेकली. साखरेनं पाय गेला, डोळे गेले, डॉक्टरांनी घरी पाठवलं. फुआतिनोनं चटई उन्हात घातली.

नेमकं त्याच रविवारी पाळकांनी मूर्तिपूजेवर प्रवचन केलं. नवे पाळक, तरुण, आवाज बारीक. ते म्हणाले, दगडाच्या मूर्ती आपल्या पणजोबांनी समुद्रात टाकल्या, त्याचा आपण आजपर्यंत तोरा मिरवतो. पण उठल्यावर तुमचा हात आधी कशाकडे जातो? कशासाठी तुम्ही खोटं बोलाल? काय काढून घेतलं तर तुम्हाला वाटेल की आता आपल्यात काही उरलं नाही? तेच तुमचं दैवत. मग चर्चमध्ये तुम्ही कुणाचंही नाव घ्या.

फुआतिनोला प्रवचन फार आवडलं. प्रत्येक वाक्याला तिला गावातलं एकेक घर आठवत होतं. सोमवारच्या तपासणीला तिनं नवं कलम घातलं: प्रत्येकानं आपलं दैवत ओट्यावर आणून ठेवायचं. गावप्रमुखाच्या घरी भिंतीएवढा टीव्ही आणि त्यावरचं रग्बी निघालं. खजिनदाराच्या बायकोच्या उशीखाली बिंगोची तिकिटं निघाली. एका सुनेला तिनं फोन हातातून खाली ठेवायला लावला आणि वेळ लावून पाहिलं, तर ती मिनिटभराच्या आत तीनदा फोनकडे वळली. गायकमंडळाला नव्या पोशाखांवरून झापलं. पाळकांच्या घरापुढं त्यांची चकचकीत गाडी उभी होती, तर फुआतिनोनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि खोकली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ताइमाने नारळ खवत होती. खाली मान घालूनच ती म्हणाली, "वन्सं, सगळ्या गावाची तपासणी झाली. आपली पेटी तेवढी राहिली."

"त्यात माझ्या लेकाची आठवण आहे."

"असं होय. मग सांगा ना, लाफाई हसायचा कसा?"

फुआतिनो सांगायला गेली. त्याचा चेहरा आठवायला लागली तर पिसांची लाल किनार पुढं आली. आवाज आठवायला लागली तर आपलंच वाक्य ऐकू आलं, तुमची माफी तुम्हाला परत. चटईच्या डाव्या कोपऱ्यात एक पट्टी उलटी गेलीय हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पोराच्या कुठल्या गालावर तीळ होता ते आठवेना.

"एवढ्यासाठी तुम्ही माझ्या नवऱ्याची मयत हलकी केलीत," ताइमाने म्हणाली आणि पुन्हा खवायला लागली.

प्रार्थनेचा शंख वाजला. सगळं गाव आपापल्या घरात खाली बसलं. फुआतिनोही बसली, पण तिला प्रार्थना सुचेना. तिला समजलं होतं. एवढी मूर्ख बाई ती नव्हती. पाळकांचे तिन्ही प्रश्न तिच्या पेटीला तंतोतंत बसत होते. पण समजलं म्हणून माणूस लगेच सुधारतं असं थोडंच आहे? उलट तिचं डोकं आणखी भडकलं. पोरगा नेला तो नेला, त्याचा चेहराही यांनीच नेला, असं तिनं ठरवलं आणि तेही लेउतूच्या नावावर टाकलं. मेलेल्या माणसाला लाज कुठली वाटायला? चटई टाकायची तर ती जिवंत असतानाच टाकायची.

सकाळी कोको न पिताच ती चटई खांद्यावर घेऊन निघाली.

लेउतूच्या घराचे झापांचे पडदे वर बांधलेले होते. सेमिसी आईचा पाय पुसत होता. तुरुंगातून सुटल्यापासून तो दारूला शिवला नव्हता, गाडीला शिवला नव्हता, आणि रस्त्यात फुआतिनो दिसली की बाजूच्या गवतात उतरून उभा राहायचा. तिला पाहून तो उठला आणि लांब नीरफणसाखाली जाऊन बसला.

"कोण आलंय?" लेउतूनं विचारलं.

फुआतिनोनं चटई तिच्या अंगावर टाकली. वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात लेउतूची बोटं चटईवरून फिरायला लागली, कडेनं, पिसांवरून, आणि डाव्या कोपऱ्यात येऊन थांबली.

"ही माझी उलटी पट्टी," ती म्हणाली. "आईची किती बोलणी खाल्ली होती मी हिच्यापायी. फुआतिनो, तूच ना गं? मला वाटलं, ही कधीच कुठल्या कुठं गेली असेल."

"मी ठेवली."

"बरं केलंस. आता माझ्या डोक्यावरून पांघर."

"कशाला?"

"तेव्हा तुझ्या भावानं उचलली. देव त्याचं भलं करो, फार चांगला माणूस. पण मला त्याच्याकडून नको होती. तू दारात टॉवेल घेऊन उभी होतीस, ते मी पाहिलं होतं. मी अजून खालीच बसलेय गं. पांघर डोक्यावरून."

फुआतिनोनं पांघरली. दयेनं नाही, रागानं पांघरली. बस म्हणावं आता. चटई लेउतूच्या तोंडावरून ओढून ती समोर मांडी घालून बसली. एकोणीस वर्षं जे मागत होती ते हेच होतं. लेउतू चटईखाली, मध्ये भाऊ नाही, पाळक नाहीत, कुणी नाही. ऊन पायरीवर आलं, मग आत आलं. श्वासाबरोबर चटई वरखाली होत होती. फुआतिनो आनंद होण्याची वाट पाहत राहिली. भूक लागली, गुडघे दुखले, आनंद काही झाला नाही. एवढी वर्षं ज्या देवाला तिनं सगळं वाहिलं, भावाची मयत वाहिली, पोराचा चेहरा वाहिला, त्यानं ऐन वेळी तिच्या हातावर तुरी दिल्या.

मग चटईखालून लेउतू बोलायला लागली, जरा घोगऱ्या आवाजात.

"गाडी उलटली त्या दिवशी सकाळी लाफाई इथंच आला होता. थंडगार नीरफणस खाल्ला, नारळाचं दूध हनुवटीवर ओघळलं. मी म्हटलं, तुझ्या आईनं पाहिलं तर तुला तपासणीत नापास करील. तर असा हसला, उचकी लागल्यासारखा. आठवतंय ना, हसताना त्याला उचकीच लागायची. उचकी थांबेना म्हणून सेमिसीनं पाठीत धपाटा घातला, तर आणखीच हसला."

फुआतिनोला ते हसणं ऐकू आलं. पहिल्यांदा उचकी, मग हसू, मग परत उचकी. आणि डाव्या गालावरचा तीळ, ओठांच्या जरा वर. सबंध गावात ज्या एका घरात तिचा पोरगा अजून नीरफणस खात बसला होता, त्या घराकडे तिनं एकोणीस वर्षं पाठ फिरवली होती, आणि पेटीतल्या पानांपुढं डोकं टेकत होती. ती तिथंच रडायला लागली, पदर नाही, रुमाल नाही, पोरासारखं नाक गळत. देवा, ती म्हणाली, मी तुझ्या दारात रोज आले, पण तुझी कधीच नव्हते. आता हे माझ्या हातून तूच सोडव.

सुटता सुटेना. हात चटईपर्यंत जाई आणि परत येई. शेवटी तिनं डोळे मिटून दोन्ही हातांनी चटई उचलली.

लेउतूचं तोंड घामानं निथळत होतं. "किती उशीर केलास गं," ती म्हणाली. "गुदमरले ना मी."

लेउतू त्यानंतर अकरा दिवस जगली. रोज सकाळी फुआतिनो तिथं जाऊन बसायची, आणि दोघी लाफाईविषयी बोलायच्या, कधी भांडायच्यासुद्धा. मयतीत फुआतिनोचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिनं चटई पसरली आणि म्हणाली की ही माझ्या भावाच्या नावानं आहे, त्याच्या मयतीत मी खोटं बोलले होते. सगळं गाव ऐकत होतं. ताइमानेनं मान खाली घातली, पण तिच्या तोंडावरचं समाधान मी पाहिलंय. चटई तिथून पलीकडच्या गावच्या लग्नात गेली. आता कुठं आहे, कुणाला ठाऊक नाही.

फुआतिनो आता तपासणीला निघते तेव्हा आधी स्वतःची रिकामी पेटी ओट्यावर आणून उघडी ठेवते. ती म्हणते, हात अजून तिकडं जातो, रोज सकाळी, आणि रोज सकाळी मागं घ्यावा लागतो. दर रविवारी उपासना झाली की सेमिसी तिच्या पायरीवर येऊन बसतो आणि लाफाईची एक तरी गोष्ट सांगितल्याशिवाय ती त्याला उठू देत नाही. त्याला कोको ती स्वतःच्या हातानं करून देते, पण त्यात साखर मात्र अजून घालत नाही.