सुतळीला टांगलेला दिवा

आधीच सांगतो, भुताखेतांवर विश्वास ठेवणारा मी माणूस नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हैदराबादेत राहून, उर्दूतून शास्त्र शिकून बी.एस्सी. झालो, आणि ते अभिमानानं सांगतो. कुणी भानामतीच्या गोष्टी काढल्या की मी उठून जातो. तुमच्या या सदरातले अनुभवसुद्धा हसतच वाचत होतो... पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे, आणि ती मला आजवर हसण्यावारी नेता आलेली नाही.

निजामी राज्याची ती शेवटची दोन-चार वर्षं. परतूरच्या अलीकडं, दुधना नदीच्या काठी आमचं गाव. (नाव लिहीत नाही, शेटजींची नातवंडं अजून तिथं नांदतात.) गावात शेटजींची कापसाची जिनिंग होती आणि जिनिंगपुरते विजेचे दिवेही होते. आता त्यांना अख्ख्या गावात खांब उभे करून वीज द्यायची होती. मोठं इंजिन आलं. इंजिन गार ठेवायला बारमाही पाणी पाहिजे, आणि ते होतं फक्त आमच्या विहिरीला. आमची सगळी गल्ली त्याच विहिरीचं पाणी प्यायची.

शेटजी स्वतः आमच्या ओसरीवर आले. माझ्या वडिलांना — आबांना — ते एरवी "किसन्या" म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "किसनराव, विहीर द्या. पहिला खांब तुमच्या गल्लीत. जबान देतो." आणि रेशमी रुमालातून दुधी काचेचा एक बल्ब काढून आबांच्या हातावर ठेवला. "हा दिवा तुमच्या घरचा. बिलकुल फिकीर करू नका."

आबांनी गल्लीला समजावलं. विहिरीला कुंपण पडलं. बाया नदीच्या वाळूत झिरे खोदून वाटीवाटीनं घागरी भरू लागल्या. तो दिवा आबांनी माजघरात तुळईला सुतळीनं टांगला. दसऱ्याला माय त्याला हळदकुंकू लावायची. एरवी कुणी हात लावायचा नाही.

मी पदवी घेऊन परतलो तेव्हा खांब उभे राहिले होते. स्टेशन, बाजाराचा मोंढा, मारुतीचं देऊळ, आणि तिथून वळून थेट शेटजींचा बंगला. आमच्या गल्लीकडं एकही नाही. शेजारची सरूबाई रिकामी घागर घेऊन जाताना आबांना ऐकवायची, "किसनभाऊ, लई उजेड पडून राह्यला गल्लीत. डोळे दिपले बाई!"

आबा खाली बघायचे. "येतील खांब. जबान दिलीय त्यांनी."

उद्घाटनाला मोंढ्यात मांडव पडला, जिल्ह्याचे तालुकदार साहेब आले. आबा गेले नाहीत. ओसरीवर बसून राहिले, मी शेजारी. दिवेलागणीला मोंढ्याकडून टाळ्या ऐकू आल्या, आभाळाची ती कड पिवळी झाली. माय कंदील लावायला आत गेली आणि ओरडली, "आवं, इकडं या जल्दी!"

सुतळीला टांगलेला दिवा लागला होता.

मी वर हात घालून चाचपलं. तार नाही, काही नाही... नुसती सुतळी. काच कोमट. सरूबाईही दारात येऊन उभी राहिली. आबांनी सुतळी सोडली, तो जळता दिवा ओंजळीत घेतला आणि निघाले. मी त्यांच्या मागं.

मोंढ्यात लोक बाजूला झाले, पण घाबरलं कुणीच नाही! माझ्याकडं बघून म्हणतात, "पोरगा शिकून आलाय ना, बापाच्या धोतरात सेल लपवले असतील." आबा थेट मांडवात शिरले.

"शेटजी, तुमचा दिवा. खांब कवा?"

टेबलावर ठेवला. ठेवताक्षणी विझला.

शेटजी साहेबांकडं बघून हसले. "किसन्याचा पोरगा बी.एस्सी. झाला, साहेब. करामती करून राह्यला." मग जिनिंगच्या मिस्त्रीला म्हणाले, "लाव रे, बघू."

मिस्त्रीनं तो तिथल्या होल्डरात बसवला. लागेना. काढून कानाशी हलवला, तर आत खुळखुळ. मिस्त्री सरळ बोलून गेला, "शेटजी, हा तर जिनिंगमधला काढून टाकल्याला. तुमीच मागून नेल्ता न्हाई का, रुमालात गुंडाळून? ह्याची आतली तार तवाच तुटल्याली."

मांडवात कुणी हसलं नाही. शेटजींनी पानदान पुढं ओढलं आणि पान लावत बसले.

घरी येताना मीच बोलत होतो. हवेतली वीज, काचेतला वायू, शिकलो होतो ते सगळं. पण तुटलेल्या तारेतून वीज वाहत नाही, हे मलाही ठाऊक होतं. कुंपण घातलेल्या विहिरीपाशी आबा थांबले.

"नाम्या, दिवा कसा लागला ते ऱ्हाऊ दे. तू येवढा शिकला, मला एकच सांग. माझ्या हातावर ठेवला तवाच मेल्याला व्हता तो. मी विहीर देणारच व्हतो रे... मंग चांगला दिवा द्यायला त्याचं काय जात व्हतं?"

दिवा कसा लागला, हे मी पुढं कितीतरी प्राध्यापकांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. आबांचा प्रश्न कुणाला विचारायचा, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.