रामप्रसादनं वस्तीचं नाव जोडलं

रामप्रसादबद्दल आमच्या ऑफिसात कुणी वाईट बोलत नाही. बिचारा म्हणतात आणि चहा मागवतात. मला त्या 'बिचारा'चाच राग येतो, कारण ज्याच्याबद्दल वाईट बोलायला हवं त्याच्यासमोर सगळ्यांची दातखीळ बसते.

आमचं ऑफिस शहरातल्या गारखेड्यात, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. मालक इंद्रजीत सर. मागच्या दुष्काळात शहर चारी बाजूंनी फुगत होतं आणि प्रत्येक नव्या बिल्डिंगखाली पाण्याचा टँकर उभा असायचा. त्या टँकरच्या बुकिंगचं ॲप आमचं. शिवाय खेड्यांची टँकरची मागणी पुढं पाठवायचं कामही सरांनी कुणाच्या तरी ओळखीनं मिळवलं होतं. दोन्ही कामांचा सर्व्हर पुण्यातल्या एका कंपनीकडं. आमच्या कोडमधून त्याला वेबसाइटच्या लिंकसारखा एक पत्ता जायचा, पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढं काय हवं ते: गाव अमुक, तारीख तमुक. प्रश्नचिन्हापुढचं सगळं रामप्रसाद लिहायचा.

तो पिशोरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. त्यांची वस्ती गावापासून लांब, माळावर. टँकर गावातल्या विहिरीत रिकामा व्हायचा, आणि वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन तिथवर येईपर्यंत तळाला गाळ उरलेला असायचा. मागणीत फक्त गावाचं नाव जात होतं, मग टँकर माळावर जाणार कशाला? रामप्रसादनं सरांना विचारलं, "सर, गावापुढं वस्तीचं नावपण जोडू का?"

"जोड की! पुण्याला मी सांगतो," सर म्हणाले. कुणालाही नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं.

त्यानं जोडलं, मागणी पाठवली, आणि 'स्वीकारली' असं उत्तर आलं. मी शेजारच्या टेबलावर होते. गडी एकटाच हसत होता.

त्याच संध्याकाळी त्याच्या वडिलांचा, मुंजाबांचा फोन आला. दुष्काळ पडला की वस्ती मेंढरं घेऊन पैठणकडं गोदाकाठी उतरते. तिथले शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात, विहिरीवर पाणी पाजू देतात. आधी पोचेल त्याला शेत. पण त्या वेळी बऱ्याच मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या, आणि कोवळ्या कोकरांना उन्हात एवढं चालवणं म्हणजे मारणंच. निघायचं का थांबायचं, म्हातारा पेचात होता.

"आबा, थांबा," रामप्रसाद म्हणाला. "टँकर आता वस्तीवरच येतोय. म्या माझ्या हातानं टाकलंय."

"पक्कं का?"

"व्हय, पक्कं. तिकडून हां आलंय."

पोराच्या शब्दावर अख्खी वस्ती थांबली.

टँकर रोज आला, तो गावातल्या विहिरीवर. मुंजाबांनी ड्रायव्हरला अडवलं, तर त्यानं मोबाईल पुढं केला. "माझ्याकडं गावाचंच नाव हाय, बाबा. वस्ती-बिस्ती काय नाय."

हे फोनवर ऐकल्यावर रामप्रसादनं कोड उघडला आणि 'वस्ती' होतं तिथं 'गाढव' लिहून मागणी पाठवली. उत्तर तेच: स्वीकारली. त्या सर्व्हरला जे ओळखू येत नाही ते तो गुपचूप सोडून देतो, चुकलं असंही म्हणत नाही. पुण्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"अरे, राहूनच गेलं बघ," सर म्हणाले. "पुढच्या महिन्यात करू."

त्याच आठवड्यात बीड बायपासच्या एका सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब फोनवर तापले. टँकर ए विंगखाली उभा राहतो, त्यांच्या सी विंगखाली येत नाही. सरांनी आमच्यासमोरच पुण्याला फोन लावला. संध्याकाळपर्यंत तिकडचा सर्व्हर विंग ओळखायला लागला. इकडच्या कोडमधली विंग रामप्रसादकडूनच लिहून घेतली. त्यानं लिहून दिली. मला मात्र कीबोर्ड सरांच्या डोक्यात घालावासा वाटला.

वस्तीवर कोकरं तहानेनं मेली. मेंढ्यांचं दूध आटलं. शेवटी वस्ती निघाली, तोवर गोदाकाठची शेतं आधी पोचलेल्यांनी धरली होती. "तुझी काय चूक, लेकरा," राजाबाई, त्याची आई, फोनवर म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तो जिन्यात बसून हमसून हमसून रडला आणि जागेवर येऊन कामाला लागला. घर त्याच्या पगारावर आलं होतं, नोकरी सोडणार कशी?

यंदाही पाऊस दगा देऊन गेला. परवा रामप्रसादनं घरी फोन लावला, तर वस्ती कधीच उठून पैठणच्या पुढं गेलेली.

"आबा, निघताना सांगायचं तरी!"

फोन स्पीकरवर होता, मागं मेंढरं ओरडत होती.

"सांगितलं असतं," मुंजाबा म्हणाले, "तर तू थांबा म्हनला असतास."